घरी कोरकू, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी: विदर्भातल्या नव्या शिक्षकांसाठी

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला बहुधा दोनशिक्षकी शाळा मिळते, आणि दोघांपैकी जो नवा त्याच्या वाट्याला इंग्रजीचा तास येतो. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मेळघाटातल्या गावात किंवा झरी जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) याचा अर्थ असा होतो, की सहा वर्षांच्या मुलापुढे एकाच जूनमध्ये दोन नव्या भाषा येतात. पुस्तकातली मराठीही त्याच्या घरची नसते. ज्याच्या घरी वऱ्हाडी बोलतात, त्यालाही 'मला' आणि 'तुला' पुस्तकातच पहिल्यांदा भेटतात. घरी 'मले' आणि 'तुले' असतं.

मी मेळघाटात आणि नंतर यवतमाळ जिल्ह्यात अशा वर्गांना शिकवलं. सेवापूर्व प्रशिक्षणात जे कुणी सांगत नाही, ते इथे क्रमाने लिहितो. इंग्रजी शिकवण्याआधी शिक्षकाला मुलाकडून बरंच शिकावं लागतं, आणि हा क्रम उलटा केला की वर्ष वाया जातं. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांवर जास्त वेळ द्या, पुढच्या बऱ्याच सोप्या होतील.

१. पटावरच्या प्रत्येक नावापुढे घरची खरी भाषा लिहा

जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेचा रकाना असतो. त्यात बहुतेकांपुढे 'मराठी' लिहिलेलं आढळेल, कारण दाखल करताना कुणी विचारलेलंच नसतं. त्या रकान्यावर विसंबू नका. स्वतंत्र वही करा आणि प्रत्येक मुलासाठी तीन गोष्टी टिपा: आईशी कोणत्या भाषेत बोलतं, आजीशी कोणत्या, आणि भावंडांशी भांडताना कोणत्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं असतं.

विदर्भात हे चित्र तालुक्यागणिक बदलतं. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू. पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणीकडे कोलामी. पुसद-दिग्रस भागातल्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी. गडचिरोलीत गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू. पूर्वेकडे झाडीबोली, पश्चिमेला वऱ्हाडी. यातल्या वऱ्हाडी आणि झाडीबोली मराठीच्याच बोली आहेत. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, तर कोरकू मुंडा शाखेतली. म्हणजे कोरकू मुलाला मराठी 'थोडी वेगळी' वाटत नाही, ती पूर्ण परकी असते. त्याला मराठी येत नाही म्हणून त्याला काहीच येत नाही असं समजणं हा या भागात येणाऱ्या शिक्षकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

माहिती कुणाला विचारायची? अंगणवाडी सेविकेला सगळ्यात आधी. तिने ही मुलं तिसऱ्या वर्षापासून पाहिलेली असतात. मग पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, आणि शालेय व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला. याच माणसांकडून रोजच्या वापरातले वीस-तीस शब्द शिकून घ्या: पाणी, भूक लागली, दुखतं, ये, बस, घरी जायचं का. मुलांसमोर ते बोला. मुलं हसतील, तुमचा उच्चार दुरुस्त करतील. करू द्या. नवी भाषा बोलताना मोठ्या माणसाचीही जीभ अडखळते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहणं फार मोलाचं आहे.

२. साहित्य आणि कागदपत्रं जमवा

विकत आणण्यासारखं फार काही नाही. हे हाताशी असलं की पुरे:

• पाठकोरे कागद आणि जुन्या वह्यांचे पुठ्ठे (शब्दपत्त्यांसाठी)
• चिंचोके किंवा खडे, आणि एक रिकामा खोका
• मुलांनी आणलेली बिस्किटांची, साबणाची, चहाची वेष्टनं
• आवाज मुद्रित होईल असा मोबाईल
• बालभारतीचं इंग्रजीचं पुस्तक आणि दीक्षा ॲप. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं साहित्य तालुक्याला असतानाच उतरवून घ्या, गावात रेंज मिळेलच असं नाही

कागदपत्रांत गेल्या वर्षीचं प्रगतिपत्रक, हजेरीपट आणि आरोग्य तपासणीची नोंद काढून ठेवा. ती पुढच्याच पायरीला लागेल.

३. सुरुवातीला बोलण्याची सक्ती करू नका

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही काळ गप्प राहतात. आठवडे, कधी महिने. ती ऐकत असतात. हा काळ शिक्षकाला जड जातो, कारण केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांना मुलांनी 'व्हॉट इज युवर नेम'चं उत्तर द्यायला हवं असतं. एकेका मुलाला उभं करून ते वाक्य घोकून घेतलं तर उत्तर मिळतंही. पण त्याच मुलाला 'व्हॉट इज युवर फादर्स नेम' विचारा, ते स्वतःचंच नाव सांगेल.

त्याऐवजी आज्ञांचे खेळ घ्या. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडली. ऐकायचं आणि अंगाने करून दाखवायचं, बोलायचं नाही. आपल्या पहिली-दुसरीच्या जोडवर्गाला ती फार सोयीची आहे, कारण तिला पुस्तक लागत नाही आणि दोन्ही इयत्ता एकत्र खेळतात.

पहिल्या दिवशी फक्त दोन आज्ञा: 'स्टँड अप' आणि 'सिट डाऊन'. तुम्ही म्हणा आणि मुलांबरोबर स्वतः उठा-बसा. काही वेळाने तुम्ही फक्त म्हणा, स्वतः हलू नका. दुसऱ्या दिवशी 'वॉक' आणि 'स्टॉप' जोडा. मग 'टच द वॉल', 'टच द डोअर', 'टच युवर नोज'. क्रम रोज बदला, नाहीतर मुलं शब्द न ऐकता क्रम पाठ करतात. नंतर खोका आणि चिंचोका घेऊन 'पुट इट इन द बॉक्स', 'पुट इट अंडर द बॉक्स'. मराठीत 'खोक्याखाली' म्हणताना 'खाली' मागून येतं, इंग्रजीत 'अंडर' आधी येतं. हे समजावून सांगत बसू नका. पन्नास वेळा चिंचोका ठेवला की कानाला सवय होते. सगळ्यात शेवटी मुलांना आज्ञा देऊ द्या, तुम्ही पाळा.

माझ्या वर्गात एक कोरकू मुलगी होती. मराठीतही बोलायची नाही, इंग्रजीचं तर नावच नको. पण आज्ञांच्या खेळात ती एकदाही चुकत नसे. बाकीची मुलं तिच्याकडे पाहून हलायची. आज्ञा द्यायची पाळी आली तेव्हा तिने मला वर्गाबाहेर पाठवलं, दार लावायला सांगितलं, पुन्हा उघडायला सांगितलं, आणि हे सगळं इंग्रजीत. तोवर तिच्या प्रगतीच्या नोंदीत 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी नोंदवहीत दोन वेगळे रकाने करतो: 'समजतं' आणि 'बोलतं'. तुम्हीही करा. पहिला रकाना दुसऱ्याच्या कितीतरी आधी भरतो.

मात्र सगळंच गप्प राहणं भाषेमुळे नसतं. मूल घरच्या भाषेतल्या हाकेलाही वळत नसेल, एकच कान पुढे करत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव आवर्जून द्या, किंवा आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला पालकांना सांगा. वारंवार अंग दुखतं, थकवा येतो, म्हणून आठ-आठ दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाचीही चौकशी करा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात बऱ्याच कुटुंबांत आहे, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: भाषा नवी आहे एवढ्यावरून कुणा मुलाच्या नावापुढे 'अध्ययन अक्षम' लिहू नका. घरच्या भाषेत ते गोष्ट नीट सांगतं का, हे कुणा जाणत्याकडून ऐकून मगच मत बनवा.

४. गावातली इंग्रजी गोळा करा

गावात इंग्रजी नाही, असं शिक्षक म्हणतात. मुलांना घेऊन एक चक्कर मारा. चार्जर, रिचार्ज, टॉवर, बॅटरी, लाईट, मोटार, पाईप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, ट्रॉली, पंप, स्प्रे, युरिया. मैदानावर तर अख्खी भाषाच इंग्रजी आहे: बॅट, बॉल, रन, आऊट, कॅच, विकेट, ओव्हर. हे शब्द मुलं अर्थासकट आणतात, तुम्ही फक्त त्यांची अक्षरं दाखवायची. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावा. ॲपलच्या आधी बॅट शिकवा. सफरचंद या मुलांच्या घरी आजारी माणसासाठीच येतं.

एक कडक इशारा. वेष्टनं आणायला सांगितली की मुलं कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि बाटल्याही आणतात. ते अजिबात आणायचे नाहीत, हे आधीच सांगा आणि पालकांनाही निरोप द्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या भागात कुणी विसरलेलं नाही. पण त्या डब्यांवरची खूण फळ्यावर जरूर काढा: लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण, लाल सर्वांत जहाल. लाल खुणेसोबत कवटीचं चित्र असतं आणि इंग्रजीत 'पॉयझन' छापलेलं असतं. चौथीतल्या मुलाला तो एक शब्द वाचता आला आणि त्याने घरी तो ओळखून दाखवला, तर इंग्रजी कशाला शिकायची हे त्याच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

५. आधी आवाज, मग अक्षर

देवनागरीत अक्षर दिसलं की आवाज ठरलेला. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे एकेका अक्षराला अनेक कामं करावी लागतात. 'सी' हे अक्षर कॅटमध्ये 'क' आणि सिटीमध्ये 'स'. ज्या मुलाचं बाराखडीवर नुकतंच मन बसलंय त्याला हा अन्याय वाटतो. त्याची अडचण खरी आहे, तसं त्याला सांगाही.

म्हणून ए टू झेड एका दमात पाठ करून घेण्याऐवजी एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांच्या आवाजांपासून सुरुवात करा. अक्षराचं नाव 'एस', पण आवाज 'स्'. या सहांतून सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप असे शब्द लगेच तयार होतात आणि मूल पहिल्या महिन्यातच स्वतः वाचतं. बी आणि डी एकाच आठवड्यात शिकवू नका, दोन्ही उलटसुलट होतात.

इंग्रजी शब्दाखाली फळ्यावर देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. वर्गात वाचन एकदम सुधारल्यासारखं दिसतं, पण मुलं खालची देवनागरी वाचत असतात. कापडाने खालची ओळ झाका, लगेच कळेल.

उच्चारांत तीन ठिकाणी वेळ द्या. 'एफ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, फुलातल्या 'फ'ला टेकत नाहीत. आरसा देऊन दाखवा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण एकच 'व' वापरतो. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक आपल्या बोलण्यात सहसा पाळला जात नाही, म्हणून जहाज आणि मेंढीचं चित्र ठेवून कानाला सराव द्या. बाकी उच्चार वऱ्हाडी वळणाचे राहिले तर राहू द्या. 'डोळे'ला 'डोये' म्हणणाऱ्या मुलाची घरची बोली सुधारण्याचं काम तर इंग्रजीच्या तासाचं नाहीच नाही.

६. मुलाच्या तोंडची गोष्ट इंग्रजीत आणा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा असतो. त्यानंतरच्या शाळेच्या दिवशी धडा बाजूला ठेवा. एखादा मुलगा सांगेल: "माहा बैल लाकडाचा हाये. माह्या आज्यानं बनोला. लाल रंग देल्ला." ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. मग वर्गाने मिळून पुस्तकी मराठीत करा. मग तुम्ही तीन छोटी इंग्रजी वाक्यं द्या: 'धिस इज माय बुलक. इट इज रेड. ग्रँडपा मेड इट.' हा धडा तो मुलगा आठवडाभर कुणालाही वाचून दाखवेल.

वाक्यातला शब्दक्रम शिकवायला याच गोष्टीचा उपयोग करा. तीन मुलांच्या हातात तीन पुठ्ठे द्या: 'आज्यानं', 'बैल', 'बनोला'. मराठीसाठी याच क्रमाने उभी करा. आता पुठ्ठ्यांच्या मागे अनुक्रमे 'ग्रँडपा', 'अ बुलक', 'मेड' लिहा, उलटायला सांगा, आणि शेवटच्या दोघांना जागा बदलायला लावा. कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द न उच्चारता दुसरीतल्या मुलांना हे समजतं. कोरकू, गोंडी, कोलामीतही क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे तिथेही हीच युक्ती चालते.

चूक झाली की थांबवून दुरुस्त करू नका. मूल म्हणालं 'आय बॉल प्ले', तर तुम्ही 'यस, यू प्ले बॉल!' म्हणून पुढे चला. 'अ', 'ॲन', 'द' यांच्या चुका पहिली दोन-तीन वर्षं सोडून द्या.

७. बोलता येतं म्हणजे धडा समजतो, असं धरू नका

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला: रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. परक्या भाषेच्या वातावरणात राहणाऱ्या मुलालाही बोलण्यापुरती ती यायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि अभ्यासात बरोबरीने यायला पाच ते सात. आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी दिवसातून एक तास पडते. तेव्हा चौथीच्या शेवटी काय अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज यावरून बांधा आणि कुणी घाई केली तर शांतपणे हे सांगा.

पण याचा मोठा उपयोग मला मराठीच्या आणि गणिताच्या तासाला झाला. मैदानावर फर्डं मराठी बोलणारं कोरकू मूल शाब्दिक उदाहरणात अडतं, तेव्हा त्याचं गणित कच्चं असतंच असं नाही. तेच उदाहरण त्याच्या भाषेत मोठ्या भावाकडून विचारून घ्या. उत्तर बरोबर आलं तर गणित येतंय, 'प्रत्येकी' आणि 'उरलेले' हे शब्द यायचे आहेत.

८. गैरहजेरी धरूनच आखणी करा

सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं. मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेरगावी जातात. पोरं सोबत जातात किंवा घरी धाकट्याला सांभाळतात. यावर रागावून काही होत नाही. आठवड्याचा घटक आठवड्यात संपेल असा ठेवा, म्हणजे मूल मध्ये परतलं तरी सोमवारपासून सगळ्यांबरोबर सुरू करेल. चुकलेले शब्दपत्ते एका पिशवीत ठेवा आणि ते शिकवायचं काम शेजारच्या मुलावर सोपवा. बाहेरगावी जाणाऱ्या घरात मोबाईल असेल तर गोष्टी आणि गाणी तुमच्या आवाजात भरून द्या.

९. पालकांशी बोला, पण संध्याकाळी

दुपारची सभा ठेवली तर सही करायला चौघं येतील. वावरातून लोक परतल्यावर, देवळापाशी किंवा पारावर बसा. प्रश्न ठरलेला असतो: "सर, आमच्या पोट्ट्याले इंग्लिस येईन का?" त्यामागे तालुक्याला जाणारी कॉन्व्हेंटची गाडी असते आणि फी भरण्याची ऐपत नसल्याची बोचही असते. याचं उत्तर मोघम देऊ नका. मुलालाच समोर बोलवा आणि आज्ञांचा खेळ आईबापांसोबत खेळायला लावा.

एक गोष्ट ठामपणे सांगा: घरी मोडकीतोडकी इंग्रजी किंवा ओढूनताणून मराठी बोलायची गरज नाही. आपल्याच भाषेत भरपूर बोला, आजीला गोष्टी सांगू द्या. घरच्या भाषेत शब्द आणि विचार भक्कम असले की दुसरी भाषा लवकर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. शाळेत कोरकू बोललं म्हणून दंड किंवा टोमणे असतील, तर ते तुमच्या वर्गापुरते तरी आजच बंद करा.

१०. प्रत्येक मुलाचं एक पान ठेवा

गुणांपेक्षा या पानाचा उपयोग जास्त होतो. त्यावर लिहा: घरची भाषा, समजणाऱ्या आज्ञा, आपणहून बोललेली वाक्यं तारखेसह, वाचता येणारे शब्द, कुणाजवळ बसवलं की बोलतं, आणि कोणत्या महिन्यात गावाबाहेर असतं. दर महिन्याला एकदा त्याचा आवाज मुद्रित करा. वर्षाअखेरीस जूनचा आणि एप्रिलचा आवाज पालकांना लागोपाठ ऐकवा.

बदली झाली तर ही पानं कपाटात ठेवून जाऊ नका, येणाऱ्या शिक्षकाच्या हातात द्या. आणि पाचवीला मूल आश्रमशाळेत किंवा दुसऱ्या गावच्या शाळेत गेलं, तर दाखल्यासोबत त्याच्या पानाची प्रत पाठवा. आठवडाभराने तिथल्या वर्गशिक्षकांना फोन करा. तिथे शंभर मुलांत ते पुन्हा गप्प झालेलं असण्याची शक्यता असते, आणि त्याला इंग्रजी समजते हे ठाऊक असलेले तुम्ही एकटेच असता.